पट्ट्याची इन्क्वायरी

आमच्या वाशीमकडे ‘लॉन’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही, लग्न येतं. रस्त्याच्या कडेला दोन एकरांना भिंत घालायची, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकाचं शेड, मधे हिरवी सतरंजी, झालं लॉन. आमच्या ह्यांना मात्र खरंखुरं गवत हवं होतं. अनसिंग रोडवरचं सोयाबीनचं वावर मोडून त्यांनी तिथे गवत लावलं, तेव्हा आजूबाजूचे शेतकरी मुद्दाम बघायला येत. आपण जन्मभर निंदून फेकलं ते हा माणूस विकत आणून लावतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसे.

काळ्या मातीत ते गवत माजलं. ढकलायच्या मशीननं कापत एका टोकाला पोचावं, तर दुसऱ्या टोकाला पुन्हा पोटरीला लागे. शेवटी ह्यांनी अकोल्याच्या प्रदर्शनात बसून चालवायची गवत कापायची मशीन पाहिली आणि घरी आले ते बुकिंग करूनच. टेम्पोतून ती उतरली तेव्हा रस्त्यावर गर्दी झाली. लाल रंग, स्टिअरिंग, सीट, पुढे दोन दिवे आणि पोटाखाली पातं. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. समोरच्या पंक्चरवाल्यानं सगळीकडून फिरून पाहिलं आणि विचारलं, “हा ट्रॅक्टर मोठा होईन का आता, का एवढाच राहीन?”

मशीन चालवणार कोण, हा प्रश्न निघालाच नाही. नारळाचे तुकडे वाटून होईपर्यंत बाबा सीटवर बसले होते.

बाबा म्हणजे माझे वडील. कारंज्याला राहून त्यांनी जन्मभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर आईचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी दोघांना हट्टानं इथे आणलं. आई दोन दिवसांत रुळली. बाबांचं मात्र जमेना. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, या जुन्या वळणाचा माणूस. ताटावर बसले की त्यांचा घास घशात फिरत राही. जावयानं आग्रह केला की आणखी कमी जेवत. दर आठ दिवसांनी कारंज्याची गाडी किती वाजता आहे ते विचारत, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

मशीन आली आणि त्यांचा प्रश्न सुटला. “जावईबापू,” त्यांनी त्या दिवशी ह्यांना सांगितलं, “आजपासून हे गाडी माही. मी इथं पाव्हणा नाई. मी इथं ड्युटीवर हाये.” त्या रात्री ते पोटभर जेवले, वर जिलेबी मागून घेतली. त्यांना साखरेचा आजार होता. पण गोळी घेतली की जिलेबीचा हक्क मिळतो, असा त्यांचा स्वतःचा कायदा होता, आणि लॉनवर जिलेबीला तोटा नसतो.

सकाळी खाकी शर्ट घालून ते मशीनवर चढत. आधी चाकांना लाथ मारून हवा बघत, आरसा नव्हता तरी आरसा नीट केल्यासारखा हात फिरवत, आणि निघत. एवढ्या मोठ्या गाडीवर आयुष्य गेलेला माणूस त्या खेळण्यावर बसून इतका खूश दिसे, की लग्न ठरवायला आलेली मंडळी बोलणी सोडून त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा मी म्हटलं, “बाबा, इथं प्यासिंजर नाही, तिकीट नाही, कंटाळा नाई येत?” तर म्हणाले, “कंडक्टर नाई, हे काय कमी हाये?”

नव्याचे नऊ दिवस संपले आणि पट्टा गेला.

हा पट्टा म्हणजे मशीनच्या पोटातला रबरी पट्टा. इंजिन फिरतं, पट्टा फिरतो, आणि पट्ट्यामुळे चाकं फिरतात. डाव्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की पट्टा सैल पडतो आणि मशीन थांबते, सोडलं की तो ताणला जातो आणि मशीन चालते. एवढीच त्यातली विद्या. कंपनीवाले म्हणाले होते की पट्ट्याकडे दोन-तीन वर्षं बघायची गरज नाही. आमचा पट्टा पहिल्या लग्नसराईच्या मध्यावरच गुळगुळीत होऊन घसरायला लागला. मशीन रडत रडत पुढे जाई आणि जळक्या रबराचा वास स्वयंपाकाच्या शेडपर्यंत येई. आचारी दोनदा आपली कढई तपासून गेला.

दुसरा पट्टा टाकला, तोही गेला. तेव्हा बाबांनी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, “याची इन्क्वायरी होईन.”

आणि इन्क्वायरी कोण करणार, तर तेच. मशीनच्या पोटातून काढलेला पट्टा त्यांनी हातात घेतला, वास घेतला, अंगठ्यानं त्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या. बाजू काचेसारख्या चमकत होत्या. बाबांनी एका क्षणात निकाल दिला.

“कोनीतरी अर्ध्या क्लचवर चालवून राह्यलं.”

“म्हंजे?” मी विचारलं.

“म्हंजे गाडी चालू हाये अन् पाय पेडलवर हाये. पुरा दाबला नाई, पुरा सोडला नाई. पट्टा बिचारा ना धड फिरते, ना धड थांबते. घसरून घसरून जळते.” मग त्यांनी मला त्यांचं आयुष्यभराचं सूत्र सांगितलं, जे मी लहानपणापासून ऐकत आले होते. नव्या ड्रायव्हरांना शिकवताना ते हेच सांगत. “डावा पाय म्हंजे पाव्हणा. काम असलं का याव, झालं का निघाव. पाव्हणा बसून राह्यला का घर जळते.”

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, संशयित कोण आहे. बाबांना दवाखान्यात वगैरे जायचं असलं की कधीमधी मी मशीन चालवायची. “मी पाय नाही ठेवत, बाबा,” मी म्हटलं. “सगळे असंच म्हणते,” ते म्हणाले. “क्लचप्लेट जाळणारा ड्रायवर कधी कबूल झाला नाई.” त्या दिवसापासून माझा मशीनला हात लावण्याचा हक्क गेला. मला रागही आला. स्वतःच्या लॉनवर, स्वतःच्या नवऱ्यानं आणलेल्या मशीनवरून मला निलंबित केलं होतं.

पण मी निलंबित झाले तरी तिसरा पट्टा झिजायला लागलाच. मग ज्याला त्याला डॉक्टरकी सुचली. आईचं निदान सोपं होतं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस मशीनकडे बघतो, दृष्ट लागते. तिनं पुढच्या दिव्याला लिंबू-मिरची बांधली. ह्यांचं म्हणणं, पट्टे बनावट आहेत. ते अकोल्याच्या दुकानदाराशी फोनवर भांडत लॉनभर फिरायचे, आणि भांडण जितकं लांबे तितकं त्यांच्या चपलांनी गवत दबे. वाशीमच्या बाजारात चाचांचं पट्ट्यांचं दुकान आहे. पिठाच्या गिरणीपासून मळणी यंत्रापर्यंत सगळ्यांचे पट्टे तिथे टांगलेले असतात. मी नवा पट्टा न्यायला गेले तर चाचांनी चष्मा वर केला. “बेटी, तुमची मशीन घास काटून राह्यली का पत्थर?” मग विचार करून म्हणाले, “शादी में अक्षता टाकतात ना तुमी? ज्वारी? वो दाना पुली में जाता होगा. दाना बहोत खराब चीज.”

हे मला पटलं. आमच्याकडे अक्षता म्हणून रंगवलेली ज्वारी टाकतात, आणि प्रत्येक लग्नानंतर ती गवतात शिरते. पावसाळ्यात आमच्या लॉनवर गुलाबी ज्वारीचे कोंब येतात. मी दोन बायका लावून प्रत्येक लग्नानंतर ज्वारी झाडून घ्यायला लागले. त्यांनी वेचलेल्या ज्वारीवर कोंबड्या चांगल्या पोसल्या, पट्टा मात्र झिजतच राहिला.

याच दिवसांत आमच्या घरी दुसरी एक चोरी चालू होती. बाबांची डावी चप्पल नाहीशी व्हायची. उजवी कधीच नाही, नेहमी डावी. कधी ती नळाजवळ सापडे, कधी स्टेजच्या पायऱ्यांखाली, कधी थेट फाटकाशी. लग्नातल्या उष्ट्यावर पोसलेलं एक तांबडं कुत्रं लॉनवर राहायचं, त्याच्यावर आळ गेला. “चोट्टं हाये ते,” बाबा म्हणत. आई म्हणे, “अवो, पण डावीच कशी नेते ते?” तर बाबा म्हणाले, “चोराले चॉइस राह्यते.”

एकदा तर कमालच झाली. एका लग्नात नवरीच्या बहिणींनी नवरदेवाचे जोडे लपवले. रीतच आहे ती. नवरदेव जोड्यांसाठी घासाघीस करत बसला, शेवटी तडजोड झाली आणि एका करवलीनं मोठ्या दिमाखात रुमालाखालून वस्तू बाहेर काढली. एक नवरदेवाची चमकदार मोजडी आणि एक बाबांची झिजलेली डावी चप्पल. ती अंधारात हाताला लागेल ते उचलून पळाली होती. सगळा मांडव हसला, फोटोवाल्यानं फोटो काढला. बाबा मात्र गंभीरपणे पुढे आले आणि म्हणाले, “माही चप्पल स्टेजवर गेली कशी, याची इन्क्वायरी होईन.” दुसऱ्या दिवशी कुत्रं फाटकाशी साखळीनं बांधलं गेलं.

शेवटी अकोल्याहून कंपनीचा मेकॅनिक आला. शांत माणूस होता. त्यानं मशीन तिरपी करून पोट उघडलं, सुकलेलं गवत काढलं, पुल्यांना सूत लावून त्या एका रेषेत आहेत का ते पाहिलं, पट्टा ताणून धरणारी छोटी पुली बोटानं फिरवली. सगळं ठीक होतं. मग हात पुसत म्हणाला, “मशीनमध्ये फॉल्ट नाही. चालवणाऱ्याची सवय असू शकते.”

बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “मी पह्यल्या दिवसापासून हेच सांगून राह्यलो! लेडीज लोकायले क्लचचं समजत नाई.”

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की मी तर कधीची मशीनला हात लावत नाही, मग उरलं कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ते मी तोंडातून काढलं नाही, आणि ह्यांनीही काढलं नाही. बाबांच्या हातून ती ड्युटी गेली तर ते संध्याकाळच्या गाडीनं कारंज्याला जातील, आणि तिथल्या बंद घरात आईच्या गुडघ्यांसकट दोघंच राहतील, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. त्यापेक्षा पट्टे जाऊ देत, असं आमचं न बोलता ठरलं. मेकॅनिकला चहा दिला आणि चाचांकडून आणखी दोन पट्टे आणून ठेवले.

हे असंच कितीही दिवस चाललं असतं. पण एका सकाळी मी बाबांना चहा द्यायला लॉनवर गेले. त्या दिवशी संध्याकाळचं लग्न होतं, मांडववाले खांब रोवत होते. बाबा पलीकडच्या टोकाला होते. कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, अगदी मधोमध, त्यांची डावी चप्पल पडली होती.

मी सवयीनं कुत्र्याकडे पाहिलं. ते फाटकाशी साखळीत झोपलं होतं.

मी चप्पल उचलून उभी राहिले. मशीन वळली आणि माझ्याकडे यायला लागली. रोजच्यासारखी कण्हत, हळूहळू. बाबा ताठ बसले होते, नजर पुढे, चेहऱ्यावर तोच आनंद. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता आणि तो पेडलवर ठेवलेला होता. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला, घरच्यासारखा.

मी हात केला. त्यांनी हातानं गियर काढून मशीन थांबवली, इंजिन चालूच होतं.

“बाबा, तुमचा डावा पाय कुठं हाये?”

“खाली हाये. कुठं राहीन?” ते खाली न बघताच म्हणाले.

“अन् चप्पल?”

“पायात हाये ना. काहून?”

मी चप्पल वर धरली. तेव्हा ते खाली वाकले. स्वतःच्या पायाकडे ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्याच कोणाचा तरी पाय आपल्या गाडीत ठेवलेला असावा, तसं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो पाय गुडघ्याखाली धरून उचलला आणि पेडलवरून खाली ठेवला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“मले वाटलं खालीच हाये,” ते म्हणाले.

चहा माझ्या हातात गार होत होता. बाबा सीटवरून उतरले, माझ्या हातातली चप्पल घेतली आणि ती पायात घालताना प्रथमच बघून घातली.

“पह्यले त्या कुत्र्याले सोड,” ते म्हणाले.

वाशीमच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला बारीक दोऱ्यासारखं काहीतरी टेकवत विचारलं, समजतंय का. बाबा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे अंदाजानं उत्तरं देऊ लागले. डॉक्टरांनी हात लावलाच नव्हता तेव्हाही जोरात “हो!” म्हणाले. मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात, डॉक्टर म्हणाले, डाव्याच्या जास्त. चप्पल पडली तरी कळणार नाही, जखम झाली तरी कळणार नाही. मागून पट्टी असलेली चप्पल वापरा, रोज तळवे बघा, जिलेबी बंद. आणि पायानं चालवायची कुठलीही गाडी बंद.

“पट्टा कितीक दिवसापासून झिजून राह्यला होता?” बाबांनी बाहेर आल्यावर विचारलं.

“मशीन आली तेव्हापासून,” मी म्हटलं.

“म्हंजे पायही तेव्हाचाच.” मग जरा थांबून म्हणाले, “पट्ट्यानं सांगतलं, मले समजलं नाई. मी तुह्यावर आळ घेतला, कुत्र्यावर घेतला.” कुत्र्याचं नाव माझ्या जोडीला घेतलं याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी ह्यांच्याकडून मशीनला नवा पट्टा बसवून घेतला, किल्ली देवापुढे ठेवली आणि इन्क्वायरीचा निकाल सांगितला. ड्रायव्हर दोषी. आणि ड्युटी नसली की मुक्कामही नसतो. उद्या सकाळच्या गाडीनं कारंजा.

ह्यांनी परोपरीनं समजावलं. “मामाजी, तुमी नुसतं लायटिंगवर लक्ष ठेवा.” “मले इलेक्ट्रिकचं समजत नाई.” “मंग पार्किंग पाहा.” यावर बाबांनी असं पाहिलं, की हे उठून बाहेरच गेले. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला उभ्या गाड्या राखायला सांगितलं होतं. आई पिशवीत साड्या भरताना मुद्दाम कण्हत होती, गुडघे मोडल्यासारखी बसत-उठत होती. बाबांनी तिकडे कानाडोळा केला. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, “बाई, तूच पाह्यलं ना? पाव्हणा बसून राह्यला का घर जळते.”

मला त्या वाक्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. लहानपणापासून मला ते आवडायचं, आणि आता तेच माझ्या अंगावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच, गाडीला अजून वेळ होता तेव्हा, मी देवापुढची किल्ली उचलली आणि मशीन बाहेर काढली. फार विचार केला असता तर केलंच नसतं. मशीनचं तोंड स्टेजच्या सिमेंटच्या कडेला टेकवलं, म्हणजे फिरत बसायला नको. इंजिन मोठं केलं. डाव्या पायानं पेडल अर्धं दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मशीन कण्हायला लागली, थरथरली, आणि थोड्याच वेळात पोटाखालून निळसर धूर आला. शेडमधून आचारी कढई हातात घेऊन बाहेर आला, माझ्याकडे पाहून आत गेला. हे दारात उभे होते.

बाबा पिशव्या घेऊन फाटकाशी आले तेव्हा मी धावत गेले. “बाबा, पट्टा पुन्हा गेला.”

“कोनता?”

“कालचाच. नवा. मी चालवत होती. तुमचा पाय नव्हता, बाबा, म्हंजे अजून काहीतरी फॉल्ट हाये. तुमी गेले तर शोधन कोन?”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. गाडीची वेळ झाली होती, पण जळलेल्या पट्ट्याची बातमी ऐकून पुढे जाणारा तो माणूसच नव्हे. ह्यांनी पट्टा काढून दिला. बाबा स्टेजच्या पायरीवर बसले. वास घेतला. अंगठा फिरवला. पट्टा हातातून गोल गोल सरकवत नेला आणि एका जागी थांबले. तेवढ्याच वीतभर जागी पट्टा खाल्ला गेला होता, काळा आणि करपलेला. बाकी सगळा नवाकोरा.

मग ते उठले. मशीनच्या तोंडाचा रंग जिथे खरवडला गेला होता, तिथे बोट फिरवलं. स्टेजच्या कडेला लागलेला लाल रंग पाहिला. मला वाटलं, आता आपण जमिनीत जावं.

“माहे पट्टे चारही अंगानं चमकत होते,” ते सावकाश म्हणाले. “फिरता फिरता झिजले होते. हा पट्टा फिरलाच नाई. गाडी अडकवून एका जागी जाळला तू.” माझ्याकडे वळले. “काहून?”

खोटं बोलायला मला त्यांनी शिकवलंच नव्हतं, आणि मी ते किती वाईट बोलते ते हातातल्या पट्ट्यावर दिसतच होतं. “तुमी जाऊ नका म्हणून,” मी म्हटलं आणि रडायला लागले. चांगली मोठी बाई, दोन मांडववाल्यांसमोर.

रस्त्यावरून कारंज्याची गाडी हॉर्न देत गेली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पाहता पाहता म्हणाले, “गियर उशिरा टाकला यानं.” मग पट्टा माझ्या खांद्यावर टाकला.

“घरात दुसरा हाये का?”

“हाये. चाचांकडून दोन आणून ठेवले होते.”

“का बरं दोन आणून ठेवले होते?”

मी मान खाली घातली, ह्यांनीही. बाबांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आम्हाला आधीपासून काय कळलं होतं आणि आम्ही ते का लपवलं, हे त्यांना तिथेच समजलं असावं. पण त्याची इन्क्वायरी त्यांनी केली नाही.

“लावा,” ते ह्यांना म्हणाले. “अन् हिले बसवा वर. जाळाले येते, चालवाले येत नाई. ट्रेनिंग द्यावं लागन.” आई तोवर पिशवी घेऊन आत गेली होती. तिचे गुडघे एकदम बरे झाले होते.

नवा पट्टा बसला. मी सीटवर बसले. बाबा मशीनच्या डाव्या बाजूला उभे राहिले, पायात मागून पट्टी असलेली नवी चप्पल, एक हात बॉनेटवर. ते तांबडं कुत्रं येऊन त्यांच्या शेजारी बसलं. “दाब क्लच. हं. आता सोड, हळू सोड.” मशीन निघाली, कण्हली नाही. बाबा बाजूनं चालत राहिले. चालताना दर दोन पावलांना ते खाली आपल्या पायाकडे बघून घेत होते, पाय आहे ना तिथेच, म्हणून. ते मला दिसलं आणि माझं लक्ष उडालं.

“पाय,” बाबा म्हणाले.

मी पाहिलं. माझा डावा पाय पेडलवरच होता. काम झालं तरी तसाच बसून राहिला होता.

“तुले तुहा पाय समजते ना?” ते म्हणाले. “मंग खाली ठेव.”

मी खाली ठेवला.